मुरुडची दुपार आणि समुद्रावरचे घड्याळ

दापोलीहून समुद्राकडे उतरले की नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेले मुरुड गाव लागते. जंजिऱ्याचे मुरुड वेगळे आणि हे रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले मुरुड वेगळे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. उत्तरेला हर्णै बंदर, त्याच्यासमोर पाण्यात उभा सुवर्णदुर्ग आणि पश्चिमेला नजर जाईल तिथवर पाणीच पाणी.

तुमचे गाव घाटावर असो, मराठवाड्यात असो की वऱ्हाडात, घटकाभर मनाने या किनाऱ्यावर उभे राहा. समोरून एक होडी निघाली आहे. तास-दोन तासांत किल्ला दिसेनासा होतो, मग डोंगराची रेघ पुसली जाते. आता चोहीकडे सारखेच पाणी. ना झाड, ना बांध, ना मैलाचा दगड. अशा ठिकाणी तांडेलाला कसे कळावे की आपण नेमके कुठे आहोत?

आज त्याच्याजवळ यंत्र असते. पण या एका प्रश्नापायी जगात हजारो माणसे बुडाली, मोठमोठे विद्वान थकले आणि अखेर उत्तर काढले ते एका खेड्यातल्या सुताराने. ते उत्तर होते घड्याळ! समुद्राशी तुमचा संबंध नसला तरी ही गोष्ट तुमच्या अंगणापर्यंत येऊन पोचते. कशी, ते शेवटी पाहू.

एक प्रश्न सोपा, एक अवघड

आपण कुठे आहोत याचे दोन भाग असतात. उत्तर-दक्षिण किती, हा पहिला. पूर्व-पश्चिम किती, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर आकाशात टांगलेलेच आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितके आपले अक्षांश. मुरुडला तो सुमारे अठरा अंश वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीत ढोबळमानाने दहा अंश मावतात. म्हणजे मुरुडच्या वाळूत उभे राहिले तर ध्रुव जेमतेम दोन मुठी उंच. दक्षिणेला जावे तसा तो खाली येतो, उत्तरेला जावे तसा वर चढतो. अरब खलाशी एक लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यावरच हे मोजत. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी डोळ्यांसमोर ताणायची, खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लागते का ते पाहायचे. या साधनाला ते 'कमाल' म्हणत.

दुसरा प्रश्न मात्र हट्टी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे सूर्य, चंद्र, तारे सगळ्यांच्याच डोक्यावरून जातात. आज इथे, थोड्या वेळाने पलीकडे. पूर्व-पश्चिम सांगणारा स्थिर तारा आकाशात नाही. मग काय करावे?

नागपूरची दुपार आधी, मुरुडची नंतर

उत्तराची किल्ली वेळेत आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंशांचा एक फेरा करते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि ४ मिनिटांत १ अंश. दोन गावांच्या दुपारींमधले अंतर कळले की त्यांच्या रेखांशांतले अंतर कळलेच.

आपल्या राज्यातलेच उदाहरण घ्या. नागपूर मुरुडच्या पूर्वेला जवळजवळ सहा अंश आहे. सहा चोक चोवीस. म्हणजे नागपुरात सूर्य माथ्यावर आल्यानंतर २४ मिनिटांनी तो मुरुडला माथ्यावर येतो. २४ मिनिटे म्हणजे आपली जुन्या हिशेबाची एक घटका! विदर्भ आणि कोकण यांच्या दुपारींत एका घटकेचे अंतर आहे.

आता समुद्रावरच्या जहाजाचा विचार करा. सूर्य माथ्यावर आला की जहाजावर दुपार झाली हे खलाशाला दिसते. त्याच क्षणी आपल्या बंदरात किती वाजले असतील एवढे त्याला सांगता आले की झाले. बंदराची वेळ आणि जहाजाची वेळ यांत एक तासाचा फरक असेल तर जहाज १५ अंश दूर. गणित चौथीच्या पोराला जमेल असे. अडचण एकच : हजारो मैल दूर बसून घरी किती वाजले हे सांगणार कोण?

मुरुडचे शंकरराव

ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. जुन्या ज्योतिषग्रंथांत तिला 'देशांतर' म्हणत. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून जाणारी मध्यरेषा धरायची आणि तिच्यापासून गाव पूर्वेला की पश्चिमेला, किती योजने, ते मोजायचे. सूर्यसिद्धांतात त्याची रीतही दिली आहे. चंद्रग्रहण पृथ्वीवर जिथून जिथून दिसते तिथे ते एकाच क्षणी दिसते. मध्यरेषेवर ग्रहण किती घटकांनी लागणार ते गणिताने काढायचे आणि आपल्या गावी ते प्रत्यक्षात किती घटकांनी लागले ते पाहायचे. गणितापेक्षा उशिराच्या घटकेला दिसले तर गाव पूर्वेला, आधीच्या घटकेला दिसले तर पश्चिमेला.

या सगळ्या विद्येचा पहिला मोठा साधार इतिहास मराठीत लिहिणारा माणूस मुरुडचाच होता, ही या गावाची फार मोठी मिरास आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म इथे १८५३ साली झाला. गावातच मराठी आणि थोडे संस्कृत शिकून ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. पुढे सारा जन्म शाळामास्तरकीत काढला. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या होत राहिल्या. परदेशी शिक्षण नाही, हाताशी वेधशाळा नाही. शाळा सुटल्यावर पोथ्या आणि पंचांगे यांत डोके घालून बसायचे. त्यातून १८९६ मध्ये त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा ग्रंथ झाला. पुढे तो हिंदीत आणि इंग्रजीतही गेला. मूळ मराठीवाचून विद्वानांचे अडावे अशी पुस्तके थोडी. त्यांतले हे एक. ग्रंथ झाल्यावर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, शंकरराव वारले.

ग्रहणाची रीत समुद्रावर का चालली नाही?

रीत बरोबर होती, पण ती जमिनीवरची. ग्रहण वर्षातून दोन-तीनदा, तेही आभाळ स्वच्छ असले तर. जहाजाला तर रोज कळायला हवे की खडक किती दूर आहे.

मग वेळ सोबत न्यावी म्हटले तर ती कशात न्यायची? लग्नाच्या मुहूर्तासाठी पूर्वी घटिकापात्र वापरत, ते तुमच्यापैकी काही जुन्या मंडळींना आठवत असेल. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मांडवात हे फार छान चालते. पण हेलकावणाऱ्या गलबतावर ठेवून पाहा! वाटी पहिल्याच लाटेला आडवी होईल.

युरोपातल्या लंबकाच्या घड्याळांचीही तीच गत. १६५६ पासून लंबकाची घड्याळे आली आणि जमिनीवर ती चोख चालू लागली. जहाजावर मात्र लंबक लाटेबरोबर डुले. उन्हात धातू वाढून घड्याळ मागे पडे, थंडीत आकसून पुढे जाई. तेल कधी पातळ, कधी घट्ट होई. आणि इथे चूक परवडत नाही. घड्याळ एक मिनिट चुकले तर मुरुडच्या अक्षांशावर जागा सुमारे साडेसव्वीस किलोमीटर चुकते. किनाऱ्याजवळ एवढ्या चुकीत जहाज खडकावर गेलेच म्हणून समजा.

दोन हजार माणसे आणि वीस हजार पौंड

तसे झालेही. १७०७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांचे आरमार भूमध्य समुद्रातून घरी परतत होते. हवा वाईट. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि रात्रीच्या अंधारात चार जहाजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिली बेटांच्या खडकांवर फुटली. आरमाराचा प्रमुख सर क्लाउडेस्ली शॉव्हेल याच्यासह चौदाशे ते दोन हजार माणसे घर जवळ आले असताना बुडाली.

१७१४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून बक्षीस लावले. समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगणारी रीत जो देईल त्याला वीस हजार पौंड! अर्धा अंश म्हणजे वेळेची फक्त दोन मिनिटे. वेस्ट इंडीजपर्यंतच्या सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळाने एकूण एवढीच चूक करायची. म्हणजे दिवसाला तीन सेकंदांपेक्षा कमी. न्यूटनसारख्या थोर शास्त्रज्ञालाही असे घड्याळ बनणे कठीण वाटत होते. उत्तर चंद्र-ताऱ्यांच्या गणितातूनच निघेल असा बहुतेक विद्वानांचा कयास होता.

सुताराचा मुलगा

जॉन हॅरिसन १६९३ साली यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात जन्मला. बाप सुतार, मुलगाही सुतार. कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नव्हते. पण लाकूड कसे वागते हे त्याला हाताने ठाऊक होते. त्याने जवळजवळ सगळी लाकडाची घड्याळे केली. तेल घट्ट होते ना, मग तेल नकोच, म्हणून त्याने ज्या लाकडातून आपोआप तेलकटपणा पाझरतो असे लाकूड फिरत्या भागांना वापरले. उष्णतेने धातू वाढतो ना, मग पितळ आणि पोलाद असे जोडले की एकाची वाढ दुसऱ्याने खावी. आपल्या गावचा कसबी सुतार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना लोखंड तापवून वाढवतो आणि पाणी ओतून आवळतो. तेच ज्ञान, फक्त उलट्या कामाला लावलेले.

१७३५ मध्ये त्याचे पहिले समुद्री घड्याळ तयार झाले. वजन सुमारे ३४ किलो. पुढच्या वर्षी ते घेऊन तो जहाजाने लिस्बनला गेला. परतताना किनारा दिसला, तेव्हा खलाशी म्हणाले अमुक भूशिर. हॅरिसन म्हणाला नाही, तमुक. सुतार बरोबर निघाला. जहाज खलाशांच्या हिशेबाच्या सुमारे साठ मैल पश्चिमेला होते, आणि तोच अंदाज धरून पुढे गेले असते तर धोका होता.

दुसरा असता तर बक्षीस मागून मोकळा झाला असता. हा म्हणाला, यात अजून दोष आहेत. दुसरे घड्याळ केले, तेही पसंत पडेना. तिसऱ्यावर तर एकोणीस वर्षे घालवली! आणि मग मोठी यंत्रे बाजूला ठेवून त्याने वेगळीच वाट धरली. १७५९ मध्ये तयार झालेले चौथे घड्याळ होते हातात मावणारे, सुमारे तेरा सेंटिमीटर रुंद, दीड किलोच्या आतले. त्याचे चाक सेकंदाला पाच ठोके देई. झपाट्याने हलणाऱ्या चाकाला जहाजाचे संथ हेलकावे बाधत नाहीत, हे त्यामागचे मर्म.

१७६१ च्या नोव्हेंबरात हॅरिसनचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. वाटेत कप्तानाचा हिशेब वेगळा आणि घड्याळाचा वेगळा. विल्यम म्हणाला, उद्या सकाळी बेट दिसेल. दिसले! जमैकाला पोचेपर्यंत एक्याऐंशी दिवसांत घड्याळ फक्त पाच सेकंद मागे पडले होते.

तरी बक्षीस मिळेना. मंडळावर ज्योतिषी बसलेले. त्यांच्यातल्या नेव्हिल मॅस्केलिनचा चंद्राच्या गणितावर भरवसा. ते गणितही खोटे नव्हते. अनेक वर्षे ज्यांना घड्याळ परवडत नसे ते खलाशी त्यावरच चालत. पण मंडळाला वाटे की हे एक घड्याळ नशिबाने बरोबर चालले असेल. पुन्हा चाचणी झाली, पुन्हा अटी आल्या. घड्याळ उघडून सारी कारागिरी दाखवल्यावर १७६५ मध्ये दहा हजार पौंड मिळाले. बाकीसाठी म्हाताऱ्याला थेट राजा तिसऱ्या जॉर्जकडे दाद मागावी लागली. १७७३ मध्ये पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले, तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. १७७६ मध्ये तो वारला. त्याच्या घड्याळाची नक्कल लार्कम केंडॉलने केली होती. ती घेऊन कप्तान जेम्स कुक १७७२ ते १७७५ या काळात दक्षिण समुद्र फिरून आला आणि तिच्यावर बेहद्द खूष झाला. पुढे अर्नोल्ड, अर्नशॉ यांनी अशी घड्याळे सुटसुटीत आणि स्वस्त केली. त्यांना 'क्रोनोमीटर' हे नाव पडले.

रोज चुकणारे, पण सारखेच चुकणारे

क्रोनोमीटर म्हणजे कधीच न चुकणारे घड्याळ, असे तुम्हाला वाटेल. तसे नाही. ते रोज थोडे मागे पडते किंवा पुढे जाते. पण रोज तेवढेच!

कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यांनी सांभाळली त्यांना हे लगेच कळेल. शेजाऱ्याचे घड्याळ नेहमी दहा मिनिटे मागे आहे हे ठाऊक असले तर भांडण होत नाही, आपण मनात दहा मिळवतो. भांडण होते ते आज पाच मागे आणि उद्या सात पुढे अशा लहरी घड्याळामुळे. म्हणून खलाशी क्रोनोमीटरचे काटे हलवत नसत. रोज ठरल्या वेळी चावी द्यायची आणि 'दिवसाला दोन सेकंद मागे' अशी त्याची चाल वहीत लिहून हिशेबात धरायची. घड्याळ लाकडी पेटीत, पितळी कड्यांत असे टांगलेले असे की जहाज कलंडले तरी ते सपाटच राहावे.

ही चाल तपासायला बंदरात खात्रीची वेळ हवी. मुंबईत त्यासाठीच ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली. नेमकी उत्तर-दक्षिण रोखलेल्या दुर्बिणीतून तारा मध्यरेषा ओलांडताना पाहायचा, त्यावरून वेळ काढायची आणि ती जहाजांना पुरवायची. आपल्या माणसांचे हातही या कामाला लागले. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे या वेधशाळेचे काम काही काळ होते. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे १८४० च्या सुमारास, विशीही उलटली नसताना, इथे साहाय्यक म्हणून लागले. पुढे मराठीतून ग्रहगणिताची कोष्टके करणारे केरुनाना ते हेच. वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला गेले, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि विजेने चुंबकसुई बिघडते.

तेव्हा मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाला एक वेळ झाली, साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईकरांनी मात्र आपली ३९ मिनिटे मागची वेळ हट्टाने १९५५ पर्यंत काही ठिकाणी चालू ठेवली.

आजच्या होडीतले घड्याळ

आता हर्णैच्या होडीवर छोटे यंत्र असते आणि त्यावर जागेचे आकडे उमटतात. गंमत अशी की आतली युक्ती हॅरिसनचीच आहे. आकाशातले उपग्रह सतत आपली वेळ सांगत असतात. तो संदेश यायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते, आणि चार उपग्रह मिळाले की जागा ठरते. यात सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर ३०० मीटरची चूक! म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे असतात. आपल्या देशाने स्वतःच्या उपग्रहांची 'नाविक' ही व्यवस्था उभारली. २०१३ मध्ये सोडलेल्या तिच्या पहिल्या उपग्रहातली परदेशी बनावटीची तिन्ही घड्याळे पुढे बंद पडली. २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या उपग्रहात आपल्याच शास्त्रज्ञांनी केलेले अणुघड्याळ बसले. अडीचशे वर्षे उलटली, तरी समुद्रावरच्या माणसाचा जीव घड्याळावरच आहे.

तुमच्या अंगणात करून पाहा

आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळतो. मुलांना सुट्टी असेल आणि ऊन लख्ख असेल अशा दिवशी, डिसेंबरात उत्तम, अंगण सपाट करून एक सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. दुपारच्या तास-दीड तास आधी सावलीचे टोक जिथे असेल तिथे खूण करा आणि घड्याळात पाहून वेळ लिहा. काठी मध्य धरून दोरीने त्या खुणेवरून वर्तुळ काढा. सावली आधी आखडेल, मग पुन्हा लांबेल. दुपारनंतर तिचे टोक वर्तुळाला परत टेकेल ती वेळ लिहा. दोन्ही वेळांच्या बरोबर मध्यावर तुमच्या गावची खरी दुपार. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषाही फुकटात मिळते. हाच आपल्या पूर्वजांचा शंकू.

२५ डिसेंबरच्या सुमारास मुरुडला ही दुपार बारा वाजून साडेसदतीस मिनिटांच्या आसपास येईल. नागपूरला साधारण बारा-चौदाला. इतर दिवशी ती पुढेमागे होते. फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे चौदा मिनिटे उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटे लवकर, कारण सूर्याची चाल वर्षभर एकसारखी नसते. पण एकाच दिवशी दोन गावांनी मोजले तर फरक तोच राहतो. तेव्हा दूरच्या लेकीला, मामाला किंवा व्याह्यांना फोन करा आणि त्याच दिवशी त्यांनाही काठी रोवायला सांगा. मिनिटांतला फरक चाराने भागला की तुमच्या दोन्ही घरांमधले रेखांश हाती आले. एक-दोन मिनिटांची चूक होईल. मग विचार करा, एक्याऐंशी दिवस लाटांवर हिंदकळून पाच सेकंद चुकणारे घड्याळ त्या सुताराने कसे केले असेल!

आणि मुलांना एवढे जरूर सांगा. एक सुतार होता, एक शाळामास्तर. दोघेही खेड्यातले. एकाला विद्वानांनी वर्षानुवर्षे दारात उभे केले, दुसऱ्याने बदल्यांच्या गावांत कंदिलाशी बसून ग्रंथ लिहिला. दोघांनीही आपले काम पुरे होईपर्यंत हातातून सोडले नाही. कधी मुरुडला गेलात तर समुद्र पाहालच. पण दुपारी घटकाभर त्या वाळूत उभे राहून आपल्या पायाशी आखडणारी सावलीही पाहा.